‘मातीचे पैसे’ कुठं ठेवायचे? स्वतःच्या अंत्यविधीची आधीच सोय करणाऱ्यांनी आधी हे वाचा

विशेष विश्लेषण

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशीनं मला हाक मारली. वय अडुसष्ट. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पोरगा चाकणला कंपनीत, सून-नातवंडं तिकडंच. मावशी श्रावणबाळच्या दीड हजारावर आणि दोन शेळ्यांवर भागवते. तिच्या हातात एक रंगीत कागद होता. वर मोठ्या अक्षरात योजनेचं नाव, खाली बारीक अक्षरात इंग्रजी.

“तू बातम्या लिहितो ना लेकरा, मग एवढं वाचून सांग. महिन्याला पाचशे भरायचे, पाच वर्षं. मग माझ्या मातीचं सगळं हे लोकं करणार म्हणतेत. गाडी, लाकडं, दहावा, सगळं. खरं हाय का?”

मी विचारलं, “मावशी, तुला कशाला ही घाई?” तर म्हणाली, “घाई नाही रे. पण माझ्या मातीला पोरानं कुणापुढं हात पसरू नये, एवढंच वाटतं.”

मंडळी, हा विषय अभद्र वाटेल. सकाळी सकाळी मोबाईल उघडला आणि हे काय, असं काही जण म्हणतील. पण तालुक्यात आठवड्याला किती माती होतात आणि त्यापायी किती घरं कर्जात जातात, ते आपण सगळे बघतो. फक्त बोलत नाही. म्हणून आज बोलू.

नवं काहीच नाही

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यातला एक फोटो मोबाईलवर खूप फिरला होता. मुंबईच्या एका कंपनीनं तिथं अंत्यविधीचा स्टॉल लावला होता, तिरडी सजवून. ३७,५०० रुपयांचं पॅकेज. खांदेकरी, भटजी, नाभिक, रामनाम म्हणणारे, अस्थी विसर्जन, सगळं त्यात. आपल्याकडं ग्रुपवर लोकांनी हसून घेतलं. ‘आता खांदा द्यायलाही माणसं भाड्यानं’ वगैरे.

पण खरं सांगा, आपल्या आज्या काय करत होत्या? पेटीच्या तळाशी एक कोरं लुगडं आणि गाठ मारलेल्या फडक्यात थोडे पैसे. कुणी हात लावायचा नाही. त्याला ‘मातीचे पैसे’ म्हणायचे. म्हणजे स्वतःच्या अंत्यविधीची सोय आधी करून ठेवणं ही शहराची किंवा परदेशाची अक्कल नाही. आपल्या बायाबापड्यांनी ती कधीपासून केलेली आहे. आता बदललं ते एवढंच, की पेटीतली गाठ जाऊन तिथं कागद, हप्ता आणि एजंट आला.

पेटीतली गाठही धोक्याची होतीच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्यांनी भीत भीत गाठी सोडल्या. ज्यांनी वेळेत सांगितलं त्यांचे बदलून मिळाले. ज्यांची गाठ त्या गेल्यावर सापडली, त्यांच्या मातीचे पैसे कागद झाले.

खर्च नेमका कशाला होतो? माझ्याच घरचा हिशेब

दुसऱ्याच्या घरचं सांगण्यापेक्षा माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचे आबा, म्हणजे माझे वडील, जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात गेले. मी स्टिंजर माणूस, सवय म्हणून प्रत्येक खर्च वहीत लिहीत गेलो. ती वही आजही माझ्याकडं आहे.

पहिला दिवस: दवाखान्यातून गावात आणायला गाडी ३,००० रुपये. लाकूड तीन क्विंटल, वखारीतून, २,४००. ट्रॅक्टर ५००. कापड, मडकं, राळ, तूप, हार, गुलाल मिळून १,६००. गवऱ्या शेजाऱ्यांनी दिल्या, त्याचे पैसे कुणी घेतले नाहीत. एकूण ७,५००.

तिसरा दिवस: राख सावडून गंगाखेडला अस्थी न्यायला जीप, ३,५००.

दहावा: कीर्तनकार आणि टाळकरी ७,०००. गुरुजी, नाभिक, पिंडाचं साहित्य २,५००. सोयऱ्यांचे आहेर, टॉवेल-टोपी, साड्या ९,०००. एकूण १८,५००.

तेरवी: मंडप-खुर्च्या ८,०००. आचारी ६,०००. सहाशे माणसांची बुंदी, भाजी-पुरी, किराणा ३८,०००. चौकातला फ्लेक्स १,५००. एकूण ५३,५००.

सगळं मिळून ८३,००० रुपये. आता नीट बघा. आबांना अग्नी देणं आणि अस्थी गंगेला नेणं याला लागले ११,०००. उरलेले ७२,००० आबा गेल्यानंतर जिवंत माणसांवर खर्च झाले. रुपयातले तेरा पैसे मयतावर, सत्त्याऐंशी पैसे मानपानावर.

८३ पैकी ४० हजार मी व्याजानं काढले. शेकडा तीन. महिन्याला बाराशे. सोयाबीनला भाव नव्हता, म्हणून फिटायला चौदा महिने लागले. व्याज झालं १६,८००. म्हणजे बापाच्या मातीला जेवढा खर्च आला, त्यापेक्षा जास्त मी नुसतं व्याज भरलं. त्या खरिपात खतही उधारीवर आणलं, ते वेगळंच.

आणि यातलं सगळ्यात लागणारं सांगतो. आबा बोलले होते. आजारी पडायच्या आधी, गोठ्यात, मला एकट्याला. “माझ्यामागं बुंदी घालू नको. पिठलं-भाकरी कर, भजन कर, बास.” मी दहाव्याच्या आदल्या रात्री भावकीत तसं सांगितलं. एक चुलते म्हणाले, “बापाचं नाव पुढं करून पैसे वाचवतो का?” मी गप्प बसलो. आबा बोलले होते, पण चार माणसांत बोलले नव्हते.

म्हणून माझं मत असं झालंय, की पैसे साठवणं ही अर्धीच तयारी. उरलेली अर्धी म्हणजे चार माणसांत सांगणं. हप्त्याच्या कुठल्याही योजनेत ही दुसरी अर्धी मिळत नाही.

आगाऊ पैसे घेणाऱ्या योजनेत धोका कुठं आहे?

दुकानातून पंप घेतला आणि तो बिघडला तर आपण दुकानदाराच्या उरावर जाऊन बसतो. इथं तसं नाही. हा असा सौदा आहे, की माल द्यायची वेळ येते तेव्हा गिऱ्हाईकच जाग्यावर नसतं. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, “मग मी गेल्यावर यानं नाही म्हटलं तर भांडायला कोण जाईल?” सगळं विश्लेषण तिनं एका वाक्यात केलं.

परदेशात हा धंदा मोठा आहे, म्हणून तिथलं उदाहरण बघू. ब्रिटनमध्ये लाखो लोक अंत्यविधीचे पैसे आधी भरून ठेवतात. तिथं सेफ हँड्स नावाची कंपनी मार्च २०२२ मध्ये बुडाली. तिच्याकडं सुमारे ४६ हजार लोकांच्या योजना होत्या. बहुतेक म्हातारी माणसं. पोराबाळांवर बोजा नको म्हणून पैसे भरलेली. त्यांना पुन्हा पहिल्यापासून विचार करायची वेळ आली. त्यानंतर २९ जुलै २०२२ पासून तिथल्या वित्तीय नियामकानं हा धंदा आपल्या ताब्यात घेतला. परवानगीशिवाय अशी योजना आता तिथं विकता येत नाही. अमेरिकेतही मिसुरी राज्यातली अशीच एक मोठी कंपनी २००८ मध्ये कोसळली आणि पुढं तिच्या चालकांना तुरुंगवास झाला.

म्हणजे जिथं कायदे कडक, कोर्टं जवळ, तिथंही हे झालं. आपल्याकडं फक्त या धंद्यावर लक्ष ठेवणारा ब्रिटनसारखा नियामक नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा आहे. पण बुडाल्यावर पैसे परत मिळायला किती वर्षं जातात, ते मराठवाड्यातल्या मल्टिस्टेटच्या दारात बसलेल्या ठेवीदारांना विचारा. आणि इथं तर ठेवीदार अडुसष्ट वर्षांचा आहे.

मावशीच्या कागदाचा हिशेब आम्ही ओट्यावर बसून केला. पाचशे गुणिले साठ महिने, तीस हजार. मग मी त्या एजंटाला फोन लावला आणि चार गोष्टी विचारल्या. तुम्हीही विचारा:

एक, पैसे कुणाच्या खात्यात जातात? कंपनीच्या चालू खात्यात, की वेगळ्या राखीव खात्यात?

दोन, दुसऱ्याच वर्षी माणूस गेला तर काय? पूर्ण सेवा, की भरले तेवढेच परत?

तीन, मधेच हप्ते थांबले तर भरलेले पैसे बुडाले का?

चार, गाव तालुक्यापासून पंचवीस किलोमीटर आत आहे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं. रात्री दोन वाजता फोन केला तर कोण येणार?

पहिल्या तीन प्रश्नांना “साहेबांशी बोलून सांगतो” असं उत्तर मिळालं. चौथ्याला फोन कट झाला. ही योजना खोटीच होती असं मी म्हणत नाही. पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याला दीड हजाराच्या पेन्शनीतले पाचशे देऊ नयेत, एवढं नक्की.

सरकारी मदत आहे, पण मातीच्या दिवशी नाही

बरेच जण म्हणतात, सरकार देतंय की. देतं, पण काय, कुणाला आणि कधी, ते समजून घ्या.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा: वर्षाला ४३६ रुपये खात्यातून कटतात, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख. पण यात शिरायचं वय १८ ते ५० आणि संरक्षण ५५ पर्यंतच. म्हणजे ज्या वयात माणूस मातीचा विचार करायला लागतो, त्या वयात ही योजना संपलेली असते. नवीन घेतल्यावर पहिले तीस दिवस अपघात सोडून दुसऱ्या मृत्यूला भरपाई नाही.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, ७० वर्षांपर्यंत, अपघाती मृत्यूला दोन लाख. म्हातारपणानं किंवा आजारानं गेलेल्याला यातलं काही नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान: वय १० ते ७५. साप चावणं, वीज पडणं, शॉक लागणं, रस्ता अपघात अशात मृत्यू झाला तर दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांच्या आत. दुखवट्यात बसून तारीख घालवू नका.

राष्ट्रीय कुटुंब लाभ: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर २० हजार, तहसीलमधून.

बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर मृत्यूनंतर वारसाला मदत आहे, अंत्यविधीसाठी १० हजाराचीही तरतूद आहे. वयाची अट आणि नूतनीकरण चालू आहे का, ते आत्ताच बघून ठेवा.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. मातीच्या दिवशी यातला एक रुपया हातात येत नाही. कागद, शिक्के, महिने. म्हणून सरकारी मदत घरासाठी धरा, मातीसाठी धरू नका. मुंबई महापालिका आपल्या स्मशानभूमीत लाकूड फुकट देते. आपल्या ग्रामपंचायतीत ते नाही. इथं वखार आणि रोकड.

मग पैसे ठेवायचे कुठं?

मी बँकेचा माणूस नाही, पण आबांच्या वेळी जे भोगलं त्यावरून सांगतो.

आबांच्या खात्यात २२ हजार होते. खातं एकट्याच्या नावावर. माझ्याकडं त्यांचं एटीएम होतं, पिनही माहीत होता. एका मित्रानं सांगितलं, काढून घे. मेलेल्या माणसाचं कार्ड वापरणं चुकीचं आहे, आणि पुढं बहीण-भावात त्यावरून वाद झाला तर तोंड लपवावं लागतं. मी काढले नाहीत. कागदपत्रं पूर्ण दिल्यावर पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा असा बँकांना नियम आहे. पण कागदपत्रं पूर्ण करायलाच मला दोन महिने लागले. खात्यावर वारसनोंद, म्हणजे नॉमिनी, लावलेला नव्हता. बापाचे २२ हजार बँकेत, आणि पोरगा ४० हजार शेकडा तीननं काढतोय.

यावर सोपा उपाय आहे. मातीचे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि ते खातं विश्वासाच्या माणसाबरोबर संयुक्त करा, ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ या अटीवर. मग एक गेला तरी दुसऱ्याला पैसे काढता येतात. फक्त लक्षात ठेवा, तो माणूस तुमच्या हयातीतही काढू शकतो. म्हणून माणूस बघून नाव लावा, आणि त्या खात्यात तेवढेच ठेवा.

बाकी सगळ्या खात्यांना नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे स्वीकारणारा. वारसांचा हक्क त्यानं संपत नाही. पण निदान पैसे अडकत नाहीत.

पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून मातीचे पैसे तिथं ठेवू नका. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही.

आणि दहा-बारा हजार घरात रोख असू द्या. मरण काही बँकेच्या वेळेत येत नाही. पण ते कुठं आहेत, हे एका माणसाला माहीत पाहिजे.

कागद कुठले?

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार समोर पाहिजेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. मृत्युपत्र बहुतेक घरांत तेरवी झाल्यावर उघडतात. त्यात ‘बुंदी घालू नका’ लिहून काय उपयोग? तोवर बुंदी पचलेली असते. म्हणून अंत्यविधीचं वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद उघडा ठेवा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, ती मोफत आहे. गावात मृत्यू झाला तर ग्रामपंचायतीत. दवाखान्यात झाला तर दवाखाना ज्या हद्दीत आहे तिथं. इथं फार लोक चुकतात आणि मग महिनोन्‌महिने दोन कार्यालयांत फिरतात. एक वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. या दाखल्याशिवाय विमा नाही, बँक नाही, सातबाऱ्यावर वारस नाही. २०२५ मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ मोहीम का घ्यावी लागली? कारण गेलेल्यांची नावं उताऱ्यावर तशीच होती आणि जिवंत माणसं कर्जासाठी, अनुदानासाठी अडकली होती.

एकट्यानं नाही, गल्लीनं

आता माझ्या वहीतला पहिला आकडा परत बघा. अग्नी आणि अस्थी मिळून ११,०००. आमच्या गावात १२० उंबरे आहेत. माती झाली की प्रत्येक घरानं शंभर रुपये द्यायचे ठरवलं, तर १२,००० होतात. कंपनी नको, एजंट नको, पाच वर्षं हप्ता नको. त्याच दिवशी, त्याच दारात.

हे स्वप्न नाही. इथिओपियात ‘इद्दिर’ नावाची पद्धत आहे. शेजारपाजारची घरं महिन्याला थोडे थोडे पैसे जमा करतात. कुणाकडं मृत्यू झाला की त्या फंडातून पैसे, मंडप, भांडी, माणसं, सगळं त्या घरी पोचतं. आपल्याकडंही चूल बंद असलेल्या घरी भावकी पिठलं-भाकरी घेऊन जाते, गवऱ्या देते, खांदा देते. फक्त पैशाचा भाग आपण त्या घरावर टाकलाय. बचत गटांना हे सहज जमण्यासारखं आहे. हिशेब वहीत, पैसे गटाच्या बँक खात्यात, सही दोघींची.

यात जात-धर्म आणू नका. आमच्या गावात लिंगायत आणि मुस्लिम घरं दफन करतात. त्यांना लाकूड लागत नाही, पण कापड लागतं, खड्डा लागतो, बाहेरून आणायला गाडी लागते. शंभर रुपये सगळ्यांचे सारखे, मदतही सगळ्यांना सारखी.

दुसरं, ग्रामसभा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मयताच्या दारातली एवढी जुनी रीत जर ठरावानं हलू शकते, तर तेरवीच्या बुंदीचं काय घेऊन बसलात? ‘तेरवीला साधं जेवण, आहेर बंद, फ्लेक्स बंद’ एवढा ठराव कुठल्याही गावाला करता येईल. गाडगेबाबा आयुष्यभर सांगत फिरले, कर्ज काढून सण-समारंभ करू नका. आपण त्यांचा फोटो ग्रामपंचायतीत लावला आणि कर्ज चालूच ठेवलं.

पण ठराव म्हणजे बळजबरी नव्हे. कुणी बुंदी घातली म्हणून दंड लावला, वाळीत टाकलं, तर तो सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्यानं गुन्हा आहे. ठरावाचा उपयोग वेगळा आहे. ज्याला साधं करायचंय पण भावकीची भीती वाटते, त्याला तो आधार होतो. माझ्या चुलत्यांना त्या रात्री मी ठराव दाखवू शकलो असतो.

तिसरं, स्मशानभूमी. शेड नाही, रस्ता नाही, पावसात ताडपत्री धरून सरण पेटवायचं, हे अजून कित्येक वाड्या-वस्त्यांवर चालू आहे. जिल्हा नियोजनच्या जनसुविधा योजनेतून स्मशानभूमीचं शेड, रस्ता, संरक्षक भिंत होते. ग्रामपंचायतीनं प्रस्ताव दिला पाहिजे. तुमच्या गावचा प्रस्ताव गेलाय का, कधी गेला, हे ग्रामसभेत विचारा. घरात कितीही पैसे साठवले तरी ओढ्यावरचा पूल त्यातून होत नाही.

मावशीनं काय केलं

मावशीनं त्या कागदावर अंगठा दिला नाही. तिच्या पेटीत अठरा हजार होते. लेक शेजारच्या तालुक्यात दिलेली आहे. दोघींनी बँकेत जाऊन संयुक्त खातं काढलं. बारा हजार तिथं ठेवले, सहा हजार घरात. कुठं, ते लेकीला माहीत आहे.

मग एका रविवारी तिनं मला, गटाच्या अध्यक्षबाईंना, भावकीतल्या दोघांना चहाला बोलावलं. पोराला व्हिडिओ कॉल लावला. गटातल्या पोरीनं वहीत लिहून घेतलं. कोरं लुगडं पेटीत आहे तेच नेसवायचं. भजन गावातल्याच मंडळींनी करायचं, पैसे देऊन कीर्तनकार आणायचा नाही. तेरवीला पिठलं-भाकरी. आहेर कुणाला नाही. राख थोडी गंगेला, बाकी बांधावरच्या आंब्याला. अस्थी न्यायला जीप करायची नाही, यष्टीनं जायचं. दोन शेळ्या लेकीला. खाली अंगठा, आमच्या सह्या.

पोरगा फोनवर रडायला लागला. “आई, हे काय लावलंय तू आज?” मावशी म्हणाली, “रडू नको. त्या दिवशी रडायला तुला मोकळा ठेवते मी. तुझा बाप गेला तेव्हा तू रडला कुठं? किराणावाल्याकडं पळत होता.”

कुणी काही बोललं नाही. आमच्या चुलत्यांनीही त्या कागदावर सही केली. तेच चुलते. निघताना मला म्हणाले, “माझंबी एक लिहून ठेव रे.”

त्यांचं पुढच्या रविवारी आहे. तुमच्या घरातली म्हातारी माणसं असं काही बोलली तर ‘अभद्र बोलू नको’ म्हणून त्यांना गप्प करू नका. वही घ्या, चार माणसं बोलवा आणि लिहून घ्या.